राजदूत ओढत नाही? आधी सायलेन्सर खोला

पहिल्यांदाच जुनी राजदूत १७५ मोटरसायकल हातात घेतली असेल, तर गाडी चढाला धापा टाकते म्हणून लगेच बोअर-पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवायच्या, खर्चात पडू नका. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेलं हे १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मुळात ताकदवान नाहीच. त्यात पेट्रोलसोबत जळणाऱ्या ऑइलची काजळी एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेत, साचली की उरलासुरला दमही जातो. जळका गॅस बाहेर पडेना, तर ताजं मिश्रण आत येणार कुठून?

सायलेन्सर उतरवा आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकात, बॅटरी मारून बघा. कडेने काळा, कडक थर दिसेल. माझ्या गाडीचं भोक जवळजवळ निम्मं बुजलं होतं. किक हाताने हळूच दाबून पिस्टनने पोर्ट झाकून घ्या, म्हणजे काजळी आत पडणार नाही. खरवडायला लाकडाची चपटी काडीच घ्या. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, पिस्टनवर ओरखडा उठला की खरंच बोअरचं काम निघतं. सायलेन्सरच्या मागच्या टोकातली बॅफल नळीही (आवाज दाबणारी आतली नळी) काढून तारेच्या ब्रशने घासा. जोडताना सांध्यातलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवंच टाका.

एवढं करून चढावर चालवून बघा, मग पुढचं ठरवा.