आत कमी, बाहेर जास्त: माझं वर्ष खाल्लेला आकडा

सांडपाण्यातली औषधं मोजायला नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नमुना गडद काचेच्या बाटलीत घ्यायचा, थंड ठेवायचा, गाळून कार्ट्रिजमधून (औषधं धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या छोट्या नळीतून) ओढायचा आणि अडकलेली औषधं थोड्या द्रावकात उतरवून अर्क करायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरते. मी अडकले त्याच्या पुढे.

माझ्या यादीत कार्बामाझेपिन होतं. फिट्सवरचं हे औषध नेहमीच्या जैविक प्रक्रियेत फारसं मोडत नाही, म्हणून नदीत किंवा खाडीत सांडपाणी पोचल्याची खूण म्हणून ते मोजतात. माझ्याकडे मात्र प्रक्रिया केंद्रात येताना ते कमी आणि बाहेर पडताना जवळजवळ दुप्पट! उत्तरही तयार होतं. शरीरातून औषधाचा काही भाग ग्लुकुरोनिक आम्लाला, म्हणजे शरीर जोडतं त्या साखरेसारख्या रेणूला, जोडून बाहेर पडतो, केंद्रातले जिवाणू ती जोडणी तोडतात आणि मूळ रेणू पुन्हा मोकळा होतो. हे खरंच घडतं, आणि म्हणूनच मी फसले. अडीच पानं चर्चा लिहून मोकळी झाले.

खरी भानगड यंत्रात होती. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वजनावरून ओळखणारं आणि मोजणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी तुमचा रेणू एकटा येत नाही. त्याच्याबरोबर साबण, ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पालापाचोळ्यातले), मेद अशी सगळी गर्दी येते आणि विद्युतभार मिळवायला सगळे झटतात. गर्दी जास्त तितका तुमच्या रेणूचा सिग्नल दबतो. समजा, दोन्हीकडे खरे १०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आहेत. कच्च्या सांडपाण्यात ते ४० दिसले आणि प्रक्रिया झालेल्या, स्वच्छ पाण्यात ८० दिसले, तर केंद्र औषध तयार करतंय असंच वाटणार. आकडा खोटा, आलेख देखणा.

पकडायचं कसं? तयार अर्काचे दोन भाग करा. एकात माहीत असलेलं प्रमाण टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींतला फरक काढा आणि तेवढंच प्रमाण शुद्ध द्रावकात टाकून मिळालेल्या सिग्नलशी ताडून बघा. कमी भरला तर सिग्नल दबलाय. कार्ट्रिजवर किती हरवलं हा प्रश्न वेगळा. त्यासाठी नमुना ओढण्याआधीच प्रमाण टाकावं लागतं. मी या दोन्हींचा एकच टक्का काढून बसले होते. आणि ही तपासणी इनलेट, आउटलेट, नदी, खाडी अशी प्रत्येक प्रकारच्या पाण्यासाठी वेगळी. खाऱ्या पाण्याला तर कार्ट्रिज शुद्ध पाण्याने नीट धुतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

उपाय म्हणजे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं तेच संयुग, अगदी सुरुवातीला नमुन्यातच टाकलेलं. यंत्राआधी रेणू वेगवेगळे करणाऱ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ते जवळजवळ मूळ रेणूबरोबरच बाहेर येतं, त्याच्याइतकंच दबतं, गुणोत्तर टिकतं. महाग आहे, मान्य. पण असं तुलनेसाठी टाकलेलं एकच संयुग (इंटर्नल स्टँडर्ड) घेऊन तीस संयुगांचे आकडे छापणं मला सरळ लबाडी वाटते. वेगळ्या मिनिटाला बाहेर येणाऱ्या रेणूच्या वाट्याला वेगळी गर्दी येते. परवडत नसेल तर यादी छोटी करा, किंवा अर्क पातळ करून बघा. संवेदनशीलता थोडी जाते, पण गर्दीही पांगते.

हे मला मार्गदर्शकांनी नाही, मशीनवर बसणाऱ्या काकांनी सांगितलं, तेही एका वाक्यात: "कच्च्या पाण्याचा पीक एवढा बुटका कसा गं?" (पीक म्हणजे आलेखावरचा सिग्नलचा उंचवटा.) त्या माणसाशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. मोठ्या नावाचा गाइड शोधण्यात जाणारा वेळ त्यापेक्षा वाया जातो, असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

आणि हो, हाताला डास पळवायचं मलम लावून नमुने घ्यायला जाऊ नका. माझ्या फील्ड ब्लँकमध्ये, म्हणजे नमुन्यांसोबत नेलेल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीत, डीट (त्या मलमातलं डास पळवणारं रसायन) निघालं होतं.

घाबरू नका, पहिल्या वर्षाचे आकडे बहुतेकांचे टाकूनच द्यावे लागतात. माझे अर्क फ्रीझरमध्ये होते, पण त्यांचा उपयोग नव्हता, कारण स्टँडर्ड सुरुवातीलाच पडायला हवं होतं. पुन्हा नमुने घेतले. आत आणि बाहेर जवळजवळ सारखाच आकडा आला. अडीच पानांच्या जागी आता एक ओळ आहे.