सिमेंटमध्ये भाजलेली चिनी माती कशी मिसळायची

पूर्वी चुन्यात सुरखी घालायचे ना, भाजलेल्या विटांची पूड, हे त्याच जातीचं काम आहे, फक्त माती निवडून घ्यायची आणि टेंपरेचर सांभाळायचं. माती म्हणजे चिनी माती, आपल्याकडे सिंधुदुर्गात मिळते. कपबशीवाली पांढरीशुभ्रच पाहिजे असं काही नाही, केओलिन, म्हणजे चिनी मातीतलं मुख्य खनिज, ४० टक्क्यांच्या आसपास असलं तरी चालतं. शेतातली काळी माती नको, तिच्यातलं खनिज वेगळं, भाजूनही तेवढी कामाला येत नाही.

आता भाजणं, सगळं इथेच ठरतं. ७०० ते ८०० डिग्री, तासभर तरी. कमी पडलं तर खनिजात अडकलेलं पाणी निघत नाही, आणि ९००च्या बरंच वर गेलं की नवे स्फटिक बनायला लागतात, मग ती माती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी रिअ‍ॅक्ट होतच नाही. भट्टीला मीटर नसेल तर एका वाटीत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरचा तुकडा आणि दुसरीत मीठ ठेवा, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, मीठ ८०१ ला, म्हणजे वायर वितळली पाहिजे आणि मीठ जसंच्या तसं राहिलं पाहिजे. अजून एक चेक, माती आधी पूर्ण सुकवून वजन करा आणि भाजल्यावर परत करा, शुद्ध केओलिन असेल तर साधारण १४ टक्के वजन घटतं, भेसळीच्या मातीत त्या हिशोबाने कमी.

मग सिमेंटइतकं बारीक दळायचं, मास्क लावूनच, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका प्लीज.

मिसळताना ओपीसीच घ्या, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, पीपीसी नावाच्या मिश्र सिमेंटमध्ये आधीच फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) असते. सुरुवात १५ टक्क्यांनी करा, म्हणजे ५० किलोत ४२.५ सिमेंट आणि ७.५ माती. मिक्स घट्ट वाटेल कारण ही पूड पाणी ओढते, पण पाणी वाढवू नका, स्ट्रेंथ जाते, सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिक्स सैल करणारं केमिकल, वापरा. क्युरिंग १४ दिवस तरी करा, कारण सिमेंटमधून सुटणारा चुना आणि माती यांची रिअ‍ॅक्शन हळूहळू होते आणि तिला ओल लागते.

घरी भाजलेली माती प्लास्टर, पेव्हर ब्लॉकपुरतीच ठेवा. स्लॅब-कॉलमला इंजिनिअरला विचारून, त्याच मिक्सचे टेस्टचे ठोकळे (क्यूब) ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघितल्याशिवाय अजिबात नको. आणि ते एलसी३ म्हणतात, क्लिंकर (दळून सिमेंट होतं ते भट्टीतले खडे) ५० टक्के, भाजलेली माती ३०, चुनखडी १५, जिप्सम ५, ते कारखान्यातच बनवायचं सिमेंट आहे, त्याला २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानक आलंय, मिळालं तर सरळ तेच घ्या.