कॅटेगरी थिअरी: सुरुवात १२च्या विभाजकांपासून

एफवायच्या मुलांना कॅटेगरी थिअरीची, म्हणजे वस्तू, त्यांच्यातले बाण आणि बाणाला बाण जोडण्याचे नियम यांच्या गणिताची, ओळख करून द्यायची असेल, तर व्याख्येपासून सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. सगळ्यांनी निमूटपणे उतरवून घेतलं, एकही प्रश्न आला नाही. ती शांतता मला अजून आठवते.

आता मी फळ्यावर १२चे विभाजक लिहिते: १, २, ३, ४, ६, १२. नियम एकच. एका संख्येने दुसरीला निःशेष भाग गेला, की पहिलीकडून दुसरीकडे बाण. बाण मुलांनाच काढू द्या. कोणीतरी विचारतंच, "मॅडम, २कडून ४कडे आहे, ४कडून १२कडे आहे, मग २कडून १२कडे वेगळा काढायचा का?" इथे घाई करू नका. बाणाला बाण जोडला की बाण मिळतो, हे त्याचं त्यानेच शोधलंय. प्रत्येक संख्येने स्वतःलाही भाग जातो, म्हणून स्वतःकडे येणारा बाणही आलाच. साहचर्याचा नियम (ओळीने तीन बाण जोडताना आधी कुठले दोन जोडले तरी उत्तर तेच) संचांपर्यंत राहू द्या. इथे दोन संख्यांमध्ये एकाहून जास्त बाण नसल्याने तो आपोआप पाळला जातो.

मग विचारा, ४ आणि ६ या दोघांकडेही बाण कोणाचे जातात? १चे आणि २चे. त्यातही १चा बाण २कडे जातो, म्हणून २ निवडायचा. मागच्या बाकावरून आवाज येतो, "मसावि!" लगेच लिहून घ्या: दोघांकडे बाण असलेली अशी संख्या, की तशी दुसरी कुठलीही आली तरी तिचे बाण हिच्यातूनच जातात. आता 'संख्या' खोडून 'वस्तू' लिहा.

पुढच्या तासाला ३ सदरे, २ पायजमे, ६ जोड. सोमवार ते रविवार कुठला सदरा आणि कुठला पायजमा हे ठरवणं म्हणजेच रोजचा जोड ठरवणं, आणि तो एकाच रीतीने ठरतो. कालचंच वाक्य! मसावि आणि कार्टेशियन गुणाकार (दोन संचांतल्या सगळ्या जोडांचा संच) एका ओळीत बसलेले पाहताना मुलांचे चेहरे बघा. बाण उलटे केले की लसावि.

कॅटेगरी थिअरी जिथून सुरू झाली त्या १९४५च्या निबंधात आयलेनबर्ग आणि मॅक लेन या गणितज्ञांना मुळात हवी होती नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे एका फंक्टरकडून दुसऱ्या फंक्टरकडे जाण्याची सुसंगत रीत; तिच्यासाठी फंक्टर आले (एका कॅटेगरीतल्या वस्तू आणि बाण दुसरीत नेताना जोडणी जपणारे), फंक्टरसाठी कॅटेगरी. वर्गात त्या टोकाला पोचायला एक सत्र लागलं तरी चालेल.

गृहपाठ: ० धरून सगळ्या पूर्ण संख्या घ्या, बाण म्हणजे 'याच्या पटीत तो'. सगळ्यांचे बाण जिच्याकडे येतात ती संख्या कोणती? बरेच जण सर्वांत मोठी शोधत बसतात. सापडतो तो शून्य.