चांदण्यातले डोहाळजेवण : हाताने करायच्या सजावटीची आखणी

डोहाळजेवणाची सजावट घरीच करायची असे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा रंगांची आणि सामानाची होते. माझ्या मते पहिला विचार बसण्याच्या जागेचा व्हायला हवा. दिवस भरत आलेली बाई त्या जागी दीड-दोन तास बसणार असते. तिला हळदकुंकू लागणार, तिची ओटी भरली जाणार, एकेक सुवासिनी पुढे येऊन औक्षण करणार आणि मध्ये गाणी, उखाणे, फोटो हे सारे चालू राहणार. तेव्हा पाठ आणि हात असलेली एक भक्कम लाकडी खुर्ची, कमरेमागे उशी, पायांखाली पाट आणि खुर्चीच्या एका बाजूला उठून सहज बाहेर पडता येईल अशी मोकळी वाट एवढे आधी मांडावे आणि मगच तिच्याभोवती काय लावायचे ते ठरवावे. एक नियम मात्र काटेकोरपणे पाळावा : हाताने केलेल्या कोणत्याही वस्तूवर तिचा भार येता कामा नये. पुठ्ठ्याची चंद्रकोर तिच्या मागे टांगावी, तिच्यावर तिला बसवू नये.

विषयासाठी फार शोधाशोध करण्याची गरज नाही. झोपाळ्यावरचे, बागेतले, नावेतले आणि चांदण्यातले डोहाळजेवण हे प्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. झोपाळ्याला छतात पक्के हूक लागतात, बागेला ताज्या फुलांचे ढीग लागतात आणि नावेचा सांगाडा उभा करायला सुतारकामाची सवय असलेला माणूस लागतो. फ्लॅटच्या दिवाणखान्यात, कापड, कागद आणि पुठ्ठा एवढ्याच सामानात सर्वांत चांगले साधते ते चांदणे, म्हणून येथे त्याचीच आखणी दिली आहे.

रंगांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परदेशातल्या समारंभांची छायाचित्रे पाहून निळा म्हणजे मुलगा आणि गुलाबी म्हणजे मुलगी अशी विभागणी आपल्याकडेही आणली जाते. 1994 च्या कायद्याने गर्भलिंगनिदान आणि ते जाहीर करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्यामागचे कारण इतके गंभीर आहे की सजावटीतूनही तसे काही सुचवू नये. आपली पेढा-बर्फीची गंमत त्याहून निर्मळ आहे, कारण तिच्यात कोणालाच काही ठाऊक नसते. तिच्यासाठी सारख्या आकाराच्या दोन वाट्या घेऊन त्यांवर सारखीच कागदी झाकणे करावीत आणि कोणत्या वाटीत काय आहे ते मांडणाऱ्यालाही कळू नये म्हणून दुसऱ्या कोणीतरी त्यांची जागा बदलावी.

मागचा पडदा साड्यांचा करावा. घरात गडद निळ्या रंगाच्या दोन साड्या निघाल्या तर काहीच विकत आणावे लागत नाही. काळा रंग आकाशाला शोभतो, परंतु मंगल प्रसंगी तो अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना खटकतो आणि त्यांचे मन राखण्यात आपले काही जात नाही. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. ती आडवी घेऊन आठ फूट रुंदीत चुण्या घातल्या की घोळ छान पडतो. अशा दोन साड्या एकीखाली एक लावल्या की सुमारे सात फूट उंचीचा पडदा तयार होतो आणि दोहोंमधला जोड नेमका खुर्चीच्या पाठीमागे लपतो. वरची साडी पडद्याच्या दांडीवर आणि खालची ताणून बांधलेल्या सुतळीवर घ्यावी. साडीला टाचण्या मारू नयेत, कपड्यांचे चिमटे वापरावेत. मात्र पडद्याचा रंग तिची साडी ठरल्यावरच पक्का करावा. डोहाळजेवणाला बहुधा हिरवी साडी असते आणि गडद निळ्यापुढे गडद हिरवा फोटोत पार हरवतो. मधे फिकट रंगाची मोठी चंद्रकोर आली की हिरवी साडी तिच्यावर उठून दिसते, आणि कोर मोठी करण्याचे खरे कारण हेच आहे.

आता ही कोर. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा विजेच्या उपकरणांच्या दुकानात मागितला तर बहुधा मिळतो. पुठ्ठा जमिनीवर पसरून एका बिंदूवर खिळा धरावा, त्याला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला पेन्सिल लावावी आणि 75 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे. मग त्या बिंदूपासून उजवीकडे वरच्या दिशेला तिरपे 25 सेंमी सरकून 60 सेंमी त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढावे. दुसरे वर्तुळ पहिल्याच्या बाहेर निघते आणि जी कोर उरते ती तळाशी 40 सेंमी जाड असते, टोकांकडे निमुळती होत जाते आणि दोन्ही टोकांमध्ये 1 मीटरहून थोडे अधिक अंतर राहते. ही मापे डोळे झाकून न घेता आपल्या खुर्चीशी ताडून पाहावीत. कोरीचे तळ जमिनीपासून एक फूट वर आले तर साधारण उंचीच्या खुर्चीत बसलेल्या बाईचे डोके दुसऱ्या वर्तुळाच्या मोकळ्या जागेत, गडद निळ्या कापडापुढे येते आणि कोर तिला खांद्यापाठून कवेत घेते. कोर फार वर सरकली तर डोके मोकळ्या जागेऐवजी तिच्या जाड भागापुढे येते आणि खाली सरकली तर ती खुर्चीमागे झाकली जाते. म्हणून टांगण्यापूर्वी कोणाला तरी खुर्चीत बसवून समोरून एक फोटो काढावा आणि मगच दोरीची लांबी नक्की करावी.

एकेरी पुठ्ठा या आकारात वाकतो. तसेच दोन तुकडे कापून ते एकमेकांवर असे चिकटवावेत की एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. मधे फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवून वर रात्रभर पुस्तकांचे वजन ठेवावे. पूर्ण कोर निघेल एवढा पुठ्ठा नसला तर जोड जाड भागात घ्यावा आणि दोन थरांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत. मागच्या बाजूला आकाशकंदिलाला वापरतात तशा बांबूच्या दोन कामट्या आडव्या बांधल्या की कोर ताठ राहते. टांगण्याची दोरी या कामट्यांतून घ्यावी, पुठ्ठ्याला भोक पाडून घेऊ नये. दोरी पडद्याच्या भक्कम दांडीला किंवा पाइपाच्या स्टँडला बांधावी. पंख्याला काहीही टांगू नये.

कोर रंगवता येते, पण कागदी फुलांनी भरलेली कोर जवळून पाहिली की हाताचे काम दिसते आणि माझा कल तिकडेच आहे. पांढरा आणि साईच्या रंगाचा पतंगी कागद घेऊन 9 सेंमीचे चौकोन कापावेत. सहा चौकोन एकावर एक ठेवून बोटभर रुंदीच्या पंख्यासारख्या घड्या घालाव्यात, मध्यावर दोऱ्याने घट्ट आवळावे, दोन्ही टोके कात्रीने गोल करावीत आणि मग एकेक पदर अलगद मध्याकडे उभा करत जावे. पदर उलगडताना कागद टोकाला न धरता गाठीजवळ धरावा, म्हणजे तो फाटत नाही. असे सुमारे 8 सेंमीचे फूल शेवंतीसारखे भरदार दिसते. वरच्या मापाच्या कोरीला अशी साधारण 115 ते 120 फुले लागतात, म्हणजे सातशेवीस चौकोन. 50 बाय 75 सेंमीच्या एका कागदातून 40 चौकोन निघतात, तेव्हा 20 कागद आणले की चुकण्यापुरतेही हाताशी राहतात. हात बसला की एका फुलाला तीन-चार मिनिटे पुरतात. एकटीने हे काम घेतले तर कंटाळा येतो, पण जावा, नणंदा, मैत्रिणी अशा चौघी जमल्या तर एका दुपारचे काम आहे आणि त्या दुपारी डोहाळ्यांची जुनी गाणीही आठवून होतात. फुले आधी काठावर चिकटवावीत आणि मग आत यावे, नाहीतर कोरीची कड वेडीवाकडी दिसते.

चांदण्या थोड्या असाव्यात. आकाश भरून टाकण्याच्या हौसेने पन्नास-साठ चांदण्या टांगल्या की कोर त्यांत बुडून जाते. रुपेरी कार्डशीटच्या तीन आकारांतल्या पंधरा-वीस चांदण्या पुरेत, आणि त्या कोरीच्या मोकळ्या बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ लावाव्यात. एकाच भोकातून टांगलेली चांदणी सतत गरगरते. जवळजवळ दोन भोके पाडून दोरा त्यांतून ओवला की ती समोर तोंड करून राहते. थर्माकोलचा विचारही करू नये. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवरही आहे. पूर्वी थर्माकोलचे कापले जाणारे धनुष्यबाण दुहेरी पुठ्ठ्याचे तितकेच सुबक होतात.

नावाची अक्षरे कापताना देवनागरीचा एक फायदा घेता येतो. ‘डोहाळजेवण’ या सहा अक्षरांच्या वरून एकच जाड सुतळी किंवा रुपेरी पट्टी ताणली की तीच शिरोरेषा होते आणि अक्षरे तिच्यापासून खाली लोंबतात. अडचण येते ती ‘डो’ आणि ‘जे’ यांच्या मात्रांची, कारण त्या रेषेच्या वर उभ्या राहायच्या असतात आणि पातळ कागदाच्या असल्या तर तासाभरात माना टाकतात. ही दोन अक्षरे मात्रेसकट अखंड कापावीत आणि त्यांच्या मागे कामटीचा छोटा तुकडा चिकटवावा. अक्षर हातभर अंतरावरून नव्हे, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता आले पाहिजे, म्हणून उंची किमान 20 सेंमी ठेवावी.

फुलांची वाडी भरायची असेल तर ते दागिने खऱ्या फुलांचेच करावेत असा माझा आग्रह आहे, पण आधी तिला विचारून. गरोदरपणात काही वास अजिबात सोसत नाहीत, आणि ज्या निशिगंधाचे आपण कौतुक करतो त्यानेच तिला मळमळू शकते. तसे असेल तर पांढरी शेवंती किंवा अष्टर घ्यावे. मोगरा चालत असला तर तो उमललेला न आणता टपोऱ्या कळ्यांचा आणावा, कारण संध्याकाळच्या कार्यक्रमात कळ्या अंगावरच उमलतात. मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्टा यांसाठी तार वापरू नये, ती टोचते. दोन बोटे रुंद सॅटीनच्या पट्टीला मागून मऊ सुती अस्तर लावून त्यावर फुले टाकावीत. कंबरपट्ट्याचे माप आदल्या दिवशी घ्यावे, दोन्हीकडे वीतभर फीत जास्त ठेवावी आणि तो पोटावर आवळून न बांधता दोन्ही बाजूंना साडीला पिनेने अडकवावा. दागिने सकाळी करून ओलसर मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात.

दिवसांची आखणी सामान किती टिकते त्यावरून करावी. कोर, चांदण्या आणि अक्षरे तीन आठवडे आधी हातात घ्यावीत, कारण डॉक्टरांनी विश्रांती सांगितली किंवा तारीख अलीकडे आली तरी ती तयार असतात. पतंगी कागद दमट हवेत मलूल होतो, म्हणून पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा गोव्यात, कागदी फुले शेवटच्या आठवड्यात करून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रंग फवारायचा असेल तर तो गच्चीवर आणि ती घरात नसताना. पडदा आणि कोर आदल्या रात्री लावून टाकावी. कार्यक्रमाच्या दिवसासाठी फक्त ताजी फुले, रांगोळी आणि ताटाची मांडणी एवढेच उरले पाहिजे. ताटात चंद्रकोरीचा विषय आपोआप येतो. करंज्या आहेतच, त्या काठाशी एका दिशेने मांडल्या की वेगळे काही करावे लागत नाही.

सर्वांत जास्त काळजी निरांजनाची घ्यावी. औक्षण करणारी बाई तबक घेऊन पुढे वाकते, तिच्या मागे दुसरी उभी असते आणि फोटो काढणारा ‘जरा इकडे, जरा वर’ असे सांगत असतो. त्या गडबडीत ज्योत नेमकी खांद्याच्या उंचीवर कुठेतरी फिरते. म्हणून खुर्चीच्या समोर आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरात कागदाचे काहीही लोंबू देऊ नये, समोरच्या चांदण्या सहा फुटांच्या खाली आणू नयेत आणि तबक ठेवण्यासाठी बाजूला वेगळा स्टूल ठेवावा. कोरीमागे उजेड हवा असेल तर एलईडीची माळ लावावी, तिचा अडॅप्टर कापडाखाली दाबला जाणार नाही असा उघडा ठेवावा आणि वायर भिंतीकडेने चिकटपट्टीने बसवावी, म्हणजे तिच्या किंवा कोणाच्याच पायात ती येणार नाही. परदेशातल्या भाड्याच्या हॉलमध्ये उघड्या ज्योतीला आणि भिंतीला खिळे ठोकायला बहुधा मनाई असते. तेथे स्टँडवरचा पडदा आणि विजेचे निरांजन यांची सोय आधीच करावी.

कार्यक्रम झाल्यावर साड्या झटकून कपाटात जातात. कोर मात्र टाकू नये. फुले काढून ती कपाटामागे सपाट उभी ठेवली तर बारशाला पाळण्याच्या मागे तीच लावता येते, फक्त तेव्हा पांढऱ्याऐवजी पिवळी फुले चिकटवावीत आणि तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्यावे, कारण पाळणा खुर्चीपेक्षा उंच असतो.