तीन मांजरं आणि एकच ताटली: या चुका टाळा

सकाळी डबे भरायच्या घाईत स्टीलच्या पसरट ताटलीत कोरडं खाणं ओतायचं, ती बाल्कनीच्या दाराशी ठेवायची आणि कामाला लागायचं, असं आमच्याकडे बरेच महिने चाललं. साळू तेरा वर्षांची. भुऱ्या पाच वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. चिमी म्हणजे पावसात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू. संध्याकाळपर्यंत ताटली रिकामी व्हायची, म्हणजे सगळ्यांची पोटं भरतायत, असं मी धरून चालले होते. चिमी चार महिन्यांची झाली तेव्हा लसीसाठी तिघांना एकत्र नेलं आणि वजनकाट्याने खरं काय ते दाखवलं. भुऱ्या सव्वासहा किलो, साळू तीन किलोच्या खाली, आणि चिमीच्या फासळ्या बोटांना टोचत होत्या.

एका घरात दोन-तीन मांजरं असतील तर बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. खाणं चांगलं असतं, महागही असतं, पण ते कोणाच्या पोटात किती जातं याचा पत्ताच नसतो.

सगळ्यांना सारखंच वाढणं

चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी पुरतात. दोन किलोच्या वाढत्या पिल्लाला मात्र ३०० च्या आसपास लागतात. निम्म्या वजनाचं पिल्लू मोठ्या मांजरापेक्षा जास्त खातं, आणि ते हावरेपणामुळे नाही. त्याची हाडं, स्नायू, मेंदू सगळं एकाच वेळी घडत असतं.

बोक्याचं याच्या उलट. नसबंदीनंतर त्याची गरज पाव हिश्शाने किंवा त्याहून जास्त कमी होते आणि भूक मात्र वाढते. ऑपरेशन झालं की पुढच्या दोन-तीन महिन्यांत वजनावर लक्ष ठेवा, असं प्रत्येक मालकाला टाके काढतानाच सांगायला हवं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘मांजर लागेल तेवढंच खातं’ ही समजूत सोडा. काही मांजरं तसं करतात, पण घरात आयतं मिळणारं, रिकामा वेळ असलेलं मांजर कंटाळ्यानेही खातं. वाटीने किंवा मुठीने मोजू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. शंभर ग्रॅम कोरड्या खाण्यात साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसभरात मिळून जेमतेम ५५ ते ६५ ग्रॅम. पहिल्यांदा मोजलं तेव्हा एवढंच? असं वाटलं, कारण भुऱ्या त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होता.

दूध-पोळी, दूधभात आणि प्रेम

आपल्याकडे मांजर आलं की आधी दुधाची बशी पुढे येते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोटात गुरगुर, पातळ शी, आणि मग ‘याचं पोट नेहमीच असं’ म्हणून सोडून दिलं जातं. शिवाय म्हशीचं अर्धा कप दूध म्हणजे शंभरच्या वर किलोकॅलरी. दिवसाची निम्मी गरज त्यातच संपते, आणि मांसातून जे मिळायला हवं ते मिळतच नाही.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. कुत्र्यासारखं मिश्राहारी नाही. गाजरातल्या द्रव्यापासून जीवनसत्त्व अ बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही, ते तयारच मिळावं लागतं. टॉरिन नावाचं द्रव्यही त्याला पुरेसं बनवता येत नाही, आणि ते जवळजवळ फक्त प्राण्यांच्या मांसात असतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हृदय फुगून दुबळं होण्याचा मांजरांचा आजार टॉरिन कमी पडल्याने होतो, आणि ते पुरवल्यावर हृदय सुधारतं. त्या मांजरांत विकतचं खाणं खाणारीही होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. टॉरिनच्या अभावाने डोळ्यांचा पडदाही खराब होतो, आणि गेलेली नजर परत येत नाही.

मांस न देता मांजर पाळता येईल का, हा प्रश्न शाकाहारी घरांतून मला फार वेळा येतो, आणि त्यामागची ओढाताण मी समजू शकते. घरात मांस शिजवायचं नसेल तर शिजवू नका. पण मग मांजराला पूर्ण आहार असलेलं तयार खाणं द्या, त्याची ताटली वेगळी ठेवा, वेगळी घासा. दूध-पोळीवर किंवा नुसत्या पनीर-अंड्यावर ते वर्षानुवर्षं नीट जगू शकत नाही. कुत्र्याचं खाणंही चालत नाही. त्यात मांजराच्या मानाने प्रथिनं कमी असतात आणि टॉरिन असेलच याची खात्री नसते.

मासे, कलेजी, उकडलेलं चिकन

मी कोकणातली, त्यामुळे मांजर म्हणजे बांगड्याचं डोकं हे समीकरण माझ्याही मनात पक्कं होतं. अधूनमधून शिजवलेला मासा द्यायला हरकत नाही, पण रोजचं जेवण म्हणून नाही. काही माशांत कच्चे असताना जीवनसत्त्व बी-१ नष्ट करणारा घटक असतो. तो शिजवल्यावर जातो, पण कच्च्या माशांवर वाढलेल्या मांजराला मान खाली झुकणं, तोल जाणं, झटके असे त्रास होऊ शकतात. सतत तेलकट मासेच दिले तर जीवनसत्त्व ई कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजराला हात लावला तरी दुखतं. सुकट आणि सुके बोंबील नकोच, त्यातलं मीठ बघा. साळूला किडनीचा आजार आहे, तिच्यासारख्या मांजरापुढे तर मुळीच नको.

कलेजी मांजराला प्राणाहून प्रिय. रोज दिली तर जीवनसत्त्व अ साठत जातं आणि मानेच्या मणक्यांची हाडं एकमेकांना जोडली जातात. मांजर अंग चाटायचं थांबतं, मान वळवत नाही, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं.

सगळ्यात जास्त चुकतं ते बोनलेस चिकनचं. ‘आम्ही घरचं ताजं देतो, पाकिटातलं नाही’ असं लोक अभिमानाने सांगतात. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर. चिकन-भातावर वाढलेल्या पिल्लाचं शरीर मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकतात, सोफ्यावरून साधी उडी मारल्यावर हाड मोडतं. अशी पिल्लं मी डॉक्टरांच्या बाकावर पाहिली आहेत आणि ती टाळता येण्यासारखी होती, याचं फार वाईट वाटतं. उपाय म्हणून शिजवलेली हाडं घालू नका, ती टोकदार फुटतात. घरीच शिजवायचं असेल तर जनावरांच्या आहाराची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या, कॅल्शियम आणि टॉरिन वजन करून घाला. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. आणि त्या पातेल्यात कांदा-लसूण नको. शिजवलेला असो वा पूड, दोन्हीने मांजराच्या लाल पेशी फुटतात. घरच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी हा धोका राहतो.

पाकिटावरचे आकडे चुकीचे वाचणं

ओल्या खाण्याच्या पाउचवर प्रथिनं ८ टक्के आणि कोरड्या पाकिटावर ३२ टक्के पाहून कोरडंच सकस, असा निष्कर्ष निघतो. पण पाउचमध्ये ८२ टक्के पाणी आहे. उरलेल्या १८ भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे कोरड्या हिशेबाने ४४ टक्के. दुसऱ्या पाकिटात पाणी १० टक्के, म्हणून तिथे साडेपस्तीस. पाणी वजा करूनच तुलना करा. जनावरांच्या खाण्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मापाने याच हिशेबात मोठ्या मांजराला किमान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लाला किमान ३० टक्के प्रथिनं हवीत.

दुसरं म्हणजे ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा आणि ते कोणत्या वयासाठी लिहिलेत ते पाहा. चाटायच्या क्रीमच्या नळ्या आणि काही पाउच हे नुसते तोंडी लावणं असतात. त्यांचा वाटा दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका.

सुटं, पिशवीत बांधून मिळणारं खाणं घेऊ नका. त्यावर तारीख नसते, घटक नसतात, आणि आपल्या पावसाळ्यात त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते. मोठं पोतं स्वस्त पडतं हे खरं, पण महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा आणि मूळ पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवा.

बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, वारंवार बसतोय

हा भाग कृपया नीट वाचा. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. त्यांना तहान कमी लागते, पाणी मुख्यतः शिकारीतूनच मिळायचं. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आत आणि मांजर वरून फारसं पीत नाही, त्यामुळे लघवी घट्ट होते. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. खडे, चिकट मळ किंवा सूज यांनी ती बंद झाली तर तो लिटरमध्ये जोर करत बसतो, ओरडतो, तिथेच चाटत राहतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, आणि एरंडेल पाजलं जातं. लघवी पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो. रात्र असली तरी थांबायचं नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, उचलून न्यायचं.

भुऱ्याचं अर्धवट अडलं होतं, वेळेत गेलो. त्यानंतर दर जेवणाला पाउच, त्यात वर दोन चमचे कोमट पाणी, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची रुंद भांडी, जेवणाच्या ताटलीपासून लांब. वजन कमी करणंही त्यातच आलं. पण हळूहळू. आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास उतरलं तर ठीक, त्याहून घाई धोक्याची.

एक खबरदारी. लघवीच्या आजारासाठीचं विशेष खाणं दुकानातून आपणच उचलून आणू नका. त्या खाण्याने काही प्रकारचे खडे विरघळतात, पण कॅल्शियम ऑक्सलेटचे विरघळत नाहीत. आधी लघवीची तपासणी, मग पाकीट.

एकाचं औषधी खाणं दुसऱ्याच्या पोटात

साळूच्या किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी आहे आणि प्रथिनं मोजून-मापून आहेत. तेच चिमीने खाल्लं तर तिची वाढ खुंटेल. चिमीचं खाणं साळूने खाल्लं तर तिच्या किडनीवर भार. भुऱ्याला मधुमेह झाला असता तर आणखीच गुंता. इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचं खाणं डॉक्टरांना न विचारता बदललं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

यावर आम्हाला उपयोगी पडलं ते असं. भरलेली ताटली बंद. दिवसात चार वेळा जेवण, वीस मिनिटं, मग उरलेलं उचलायचं. साळू बेडरूममध्ये, दार लोटून. तिचे सांधे दुखतात, म्हणून ताटली जरा उंच पाटावर. भुऱ्या स्वयंपाकघरात. चिमीसाठी एका खोक्याला तिच्याच अंगाएवढं भोक पाडलं, आत तिची बशी. भुऱ्याचं डोकं आत जातं, खांदे जात नाहीत. पहिला आठवडा त्याने खोक्याभोवती फेऱ्या घातल्या. मांजराच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप ओळखून झाकण उघडणारी भांडीही मिळतात, परवडत असतील तर उत्तम.

साळूच्या बाबतीत एक चूक झाली ती सांगते. ती मळमळत होती, तोंडातून लाळ येत होती, आणि मी त्याच दिवशी नवीन किडनीचं खाणं पुढे ठेवलं, वर त्यात गोळी कुस्करून. मांजर अशा वेळी त्या खाण्याचाच धसका घेतं. पुढे दोन महिने तिने त्या वासाला तोंड लावलं नाही. आधी मळमळीवर औषध, मांजर जरा सावरलं की मग नवं खाणं, आणि गोळी वेगळी.

अचानक बदल, आणि ‘भूक लागली की खाईल’

नवं खाणं सात ते दहा दिवसांत मिसळत न्या. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. उलटी-जुलाब झाले तर एक पायरी मागे या. हट्टी मांजराला महिनाही लागतो. पाउच थोडं कोमट करा, वास सुटला की निम्मं काम होतं. थंड, फ्रीजमधून काढलेलं खाणं साळू हुंगून निघून जाते.

मात्र उपाशी ठेवून वळण लावायचा प्रयत्न मांजरावर करू नका. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त. कान आणि हिरड्या पिवळ्या दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. चोवीस तास पूर्ण उपाशी गेले की डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लू असेल तर त्याआधीच.

तीन ताटल्या वेगळ्या केल्यापासून कोण जेवलं नाही ते मला त्याच वेळी कळतं. आमच्या फ्रीजवर एक कागद आहे. त्यावर तीन रकाने, किती ग्रॅम वाढलं आणि किती उरलं. दर रविवारी वजन: आधी मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग मांजराशिवाय, आणि वजाबाकी. घरच्या काट्याला ५०-१०० ग्रॅमचा फरक कळत नाही, म्हणून चिमी आणि साळूसाठी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवते. साळूचं महिन्यात शंभर ग्रॅमने जरी उतरलं तरी आम्ही रक्ततपासणीची वेळ घेतो, कारण तीन किलोच्या मांजराला शंभर ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला दोन किलो.