लेथवर कातलेली वस्तू सोलापुरात का तडकते? या चुका टाळा

मे महिना लागला की माझ्याकडे तडकलेल्या काठवटी यायला लागतात. कडेपासून मधोमध गेलेली एक लांब चीर, तिच्यात ज्वारीचं पीठ बसून काळं पडलेलं. आणणारे म्हणतात, "लाकूडच खराब निघालं." मी चीर बोटाने चाचपतो. लाकूड चांगलं असतं. ते ओलं असताना कातलं गेलं आणि मग सोलापूरच्या उन्हाळ्यात वाळलं, एवढंच झालेलं असतं.

इथे लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, काम शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका याच मुळाशी जातात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

ओलं लाकूड, कोरडी हवा

ताज्या तोडलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. सुरुवातीला जातं ते मोकळं पाणी. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आक्रसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि खरी ओढाताण तिथून सुरू होते. वाढीच्या कड्यांच्या दिशेने लाकूड जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीकडे आक्रसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. मग गोल वाडगा लांबट होतो, नाहीतर फाटतो.

कोकणातून "वाळवून" आणलेला ओंडका तिथल्या दमट हवेपुरताच वाळलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकडातला ओलावा दहा टक्क्यांच्याही खाली जातो. त्यामुळे बाहेरून आणलेलं कुठलंही लाकूड आधी दोन-तीन महिने आपल्या दुकानात सावलीला ठेवा, मगच शेवटचा हात मारा.

ओंडका मिळाला त्याच दिवशी त्याच्या दोन्ही तोंडांना उरलेला ऑइल पेंट किंवा वितळवलेलं मेण फासा. तोंडाकडून पाणी फार वेगाने जातं आणि भेगा तिथूनच शिरतात. बुंध्याच्या अगदी मधला ठिपका वाडग्यात राहू देऊ नका. ओंडका त्या ठिपक्यावरून उभा चिरून दोन फाका करा. मग वाडगा एकदम पूर्ण न करता जाड कातून ठेवा. भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच. त्याच्याच ओल्या ढलप्यांबरोबर कागदी पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या शेडखाली नको आणि गच्चीवर तर मुळीच नको.

वाळलं हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. माझ्याकडच्या कडुनिंबाच्या एका वाडग्याच्या तळाला पेन्सिलीने लिहिलेले ग्रॅमचे आकडे अजून आहेत: १४१०, १२६०, ११५५, आणि बऱ्याच आठवड्यांनी ८९०, ८९०, ८९०. तीन आठवडे वजन हललं नाही, तेव्हाच तो पुन्हा लेथवर चढवला. तोवर तो चांगला तीन-चार मिलिमीटर लांबट झाला होता. जाडी राखलेली होती, म्हणून पुन्हा गोल कातता आला.

पातळ चीर आधीच दिसत असेल तर तिच्यात त्याच लाकडाचा बारीक भुसा दाबून वर पातळ इन्स्टंट गोंद सोडा. पण चीर कडेपासून तळापर्यंत गेली असेल तर तो तुकडा फिरवू नका. वेगात असताना तो फुटून थेट तोंडावर येतो.

रंगावरून लाकूड ओळखणं

गडद दिसलं की शिसव, ही चूक जुन्या बाजारात सर्रास होते. बैलगाडीचा जुना तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला लाकडी ठोकळा, घ्या. वर्षानुवर्षांचं वंगण आणि धूळ खाऊन बाभूळही काळी दिसते. "पाण्यात बुडलं म्हणजे शिसव" हेही खरं नाही. ओली बाभूळ बुडते आणि नीट वाळलेलं शिसव बहुधा तरंगतं.

खात्री करायची तर आडवा काप बघा. नव्या ब्लेडने तोंडावरून नखाएवढा भाग एका झटक्यात साफ कापा, ओलं बोट फिरवा आणि दहापट भिंगातून पाहा. सागात वाढीच्या कड्यांवर मोठी छिद्रं ओळीने बसलेली दिसतात. हाताला किंचित तेलकट लागतं आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. बाभळीत अशी ओळ नसते, छिद्रं विखुरलेली असतात आणि त्यांच्याभोवती फिकट कडी असते. शिसवाची ताजी ढलपी जांभळट तपकिरी असते. त्याची बाजू रंध्याने साफ करून तिरप्या उजेडात धरली तर फार बारीक आडव्या लाटा दिसतात. बाभळीत त्या सापडत नाहीत. मला स्वतःला रंगापेक्षा या लाटांचा भरवसा जास्त वाटतो.

बिबळा झाडाच्या लाकडाची ओळख सगळ्यात सुंदर आहे. चार ढलप्या काचेच्या पेल्यात पाण्यात टाका. पाणी सोनेरी होतं आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक येते.

आंब्याचं लाकूड घेताना किडीने पाडलेली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि त्यांतून पडणारं मैद्यासारखं पीठ शोधा. दिसलं तर तो तुकडा घरात आणू नका. जुन्या वाड्याची सागवानी तुळई मिळाली तर आधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा हमखास असतो.

पटाशी अडकते, लाटणं थरथरतं

पटाशी झटक्यात लाकडात घुसते, त्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: धार लाकडाला आधी लागते. पटाशीची धारेमागची घासलेली पाठ आधी टेकवा, मग मूठ हळूहळू वर उचला, कीस आपोआप सुटेल. टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, लाकडापासून तीन-चार मिलिमीटरवर ठेवा आणि हलवायची असेल तेव्हा लेथ बंदच करा. लाटण्याची खडबड काढायची रुंद गोल पटाशी वाडग्यावर कधीच लावू नका. तिचा दांडा त्या झटक्याला मोडतो.

लाटणं कातताना मोठ्या व्यासाकडून लहानाकडे जा. वाडग्याच्या बाहेरून तळाकडून काठाकडे, आतून काठाकडून तळाकडे. उलट गेलात तर तंतू उपटून निघतात आणि ते कितीही पॉलिश पेपर घासला तरी जात नाहीत. वेगासाठी सोपा हिशेब आहे. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवा, म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. तुकडा वेडावाकडा असेल तर आणखी कमी. लांब लाटणं मध्ये थरथरत असेल तर दाब कमी करा आणि धार पुन्हा लावा. हातमोजे नकोत, सैल बाही नको, तोंडावर शिल्ड हवंच.

शेवटचा हात

पॉलिश पेपरच्या गोल रेघा तेल लावल्यावरच उठून दिसतात. १२०, १८०, २४०, ३२० असे सगळे नंबर घ्या, मधला गाळू नका. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लाकडाच्या तंतूंच्या दिशेने हाताने घासा.

काठवटीला शेंगदाण्याचं तेल लावायची सवय घरोघर आहे. ते तेल वाळत नाही, चिकट होतं आणि पुढे खवट वास येतो. घाण्याचं जवसाचं तेल वाळतं, पण पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने कोरडं पुसून घ्या. जाड थर महिनाभर चिकट राहतो. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल जेवणाच्या भांड्याला नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात. स्पिरिटमधली लाख शोभेच्या वस्तूला झकास दिसते, पण गरम भांड्याने तिच्यावर पांढरा डाग पडतो. वर्षभर बाटलीत राहिलेली लाख नीट वाळतही नाही. दर वेळी लागेल तेवढीच भिजवा.

आणि जवसाचं तेल पुसलेले कापडाचे बोळे. वाळताना ते तेल स्वतः उष्णता सोडतं. चुरगाळून ढलप्यांवर टाकलेला बोळा कुणी काडी न लावता पेटतो, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. माझ्या दाराशी पाण्याचा झाकणवाला डबा असतो. बोळा हातातून सुटतो तो त्या डब्यातच.