क्रेडिट रिपोर्टमधली खोटी नोंद कशी काढून घ्यायची: बडोदेकरांसाठी

लोन नामंजूर झालं की आधी सगळे क्रेडिट स्कोअर बघतात. तो जरा बाजूला ठेवा. 300 ते 900 मधला तो आकडा क्रेडिट रिपोर्टातल्या, म्हणजे तुमच्या लोन-हप्त्यांच्या इतिहासातल्या, नोंदींवरून निघतो. दुरुस्ती होते ती नोंदींची. ‘माझा स्कोअर कमी का’ ही तक्रार कुठेच टिकत नाही. ‘अमुक खात्यावर मे महिन्यात 60 दिवसांची थकबाकी दाखवली आहे, ती खोटी आहे’ ही टिकते.

आपल्याकडे क्रेडिट ब्युरो, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पहिल्या वेळी चारही एकदम काढा, कारण चूक एकातच असू शकते आणि नेमका तोच रिपोर्ट तुमच्या बँकेने पाहिलेला असू शकतो. रिपोर्ट ब्युरोच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. पेमेंट ॲपवर दिसणाऱ्या नुसत्या स्कोअरवरून काही सिद्ध करता येत नाही. सिबिलच्या रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो, तो जपून ठेवा. पुढे लागतो.

वाचायला सुरुवात नाव-पत्त्याच्या पानापासून करा. आपल्या मराठी घरांचा बराच गोंधळ इथेच असतो. पॅनवर नाव ‘संजय वसंतराव कदम’, आणि गुजरातेतल्या कागदांवर आडनाव आधी, वर ‘भाई’ जोडलेलं: ‘कदम संजयभाई वसंतराव’. पत्त्यात एकीकडे बरोडा, दुसरीकडे वडोदरा. नाव-पत्त्याचा मेळ असा सैल असला की दुसऱ्या कुणा कदमाचं लोन तुमच्या फायलीत येऊन बसू शकतं. म्हणून पॅन नंबर, जन्मतारीख आणि मोबाइल ही तिन्ही अक्षर न् अक्षर ताडून बघा. नाव लिहिण्याची पद्धत वेगळी असणं ही फारशी चिंतेची गोष्ट नाही. परका पॅन किंवा परकी जन्मतारीख दिसली तर मात्र तिथूनच तक्रार सुरू करा.

मग खाती. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक पट्टी असते, तीन वर्षांपर्यंतची. ‘000’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे ठीक. ‘030’, ‘060’ म्हणजे इतके दिवस हप्ता थकला. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, त्याने घाबरू नका. नेहमी आढळणारी एक चूक जवळून बघा. लोनचा शेवटचा हप्ता भरला, बँकेने ‘काही बाकी नाही’ असा दाखला दिला. पण मध्ये एकदा हप्ता बाऊन्स झाला होता, त्याच्या दंडाचे 590 रुपये खात्यात तसेच राहिले. खातं बंद झालंच नाही आणि पट्टीवर 030, 060, 090 असं चढत गेलं. इथे घाईने 590 भरून मोकळे होऊ नका. दाखल्याच्या तारखेनंतर लावलेली सगळी थकबाकी काढायला लावा, कारण बाकी नाही असं बँकेनेच लिहून दिलेलं आहे.

‘हे लोन माझं नाही’ असं म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा. ॲपवरून घेतलेलं लोन किंवा ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ची खरेदी रिपोर्टात ॲपच्या नावाने दिसत नाही, मागे असलेल्या फायनान्स कंपनीच्या नावाने दिसते. ती तारीख आणि रक्कम बँक स्टेटमेंटशी जुळते का ते बघा. खात्यापुढे ‘गॅरंटर’ लिहिलं असेल तर भावाच्या किंवा मित्राच्या लोनवर तुम्ही केलेली ती सही आहे, ती नोंद खरी आहे. आणि बँकांचं विलीनीकरण झालं, जसं 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात आल्या, की खात्याचा नंबर बदलतो आणि एकच लोन जुन्या व नव्या नंबरने दोनदा दिसू शकतं. अशा वेळी ‘माझं नाही’ लिहू नका, ‘एकच खातं दोनदा’ असं लिहा. प्रकार चुकला की उत्तरही चुकीचंच येतं.

खरा उशीर तक्रार करून पुसला जात नाही. सेटलमेंट केली असेल, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत लोन मिटवलं असेल, तर ‘सेटल्ड’ ही नोंदही खरीच आहे. राहिलेली रक्कम भरून नवा दाखला घेतला तरच ती ‘क्लोज्ड’ होऊ शकते. पैसे घेऊन सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच नको. तक्रार फुकट आहे, आणि त्यालाही याच वाटेने जावं लागतं.

आता मुख्य काम. ब्युरोच्या वेबसाइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. पण तेवढ्यावर थांबू नका. ब्युरो स्वतः काहीच बदलत नाही, तुमची तक्रार बँकेला विचारतो आणि बँक म्हणेल तसं करतो. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा आणि शाखेत अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्या. कंपनीची शाखा बडोद्यात नसेल तर रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा, पावती ठेवा. अर्जात एका खात्याला एकच परिच्छेद: खाते क्रमांक, रिपोर्टची तारीख, काय छापलंय, काय हवं, कुठला पुरावा जोडलाय. पुरावा म्हणजे ‘बाकी नाही’चा दाखला, लोन खात्याचं स्टेटमेंट, हप्ता गेल्याची पासबुकातली ओळ. ती ओळ पेनने खुणा करून द्या. भरपाई जमा करण्यासाठी खाते नंबर किंवा यूपीआय आयडी मागितला असेल तर तो भरा, त्याचं कारण पुढे आहे.

बँकेला ब्युरोला उत्तर द्यायला 21 दिवस असतात आणि सगळा निकाल 30 दिवसांत लागायला हवा. 26 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. निकाल 45 व्या दिवशी लागला तर 1,500 रुपये. बँकेने 21 दिवस पाळले नाहीत तर बँक देते, बँकेने वेळेत दुरुस्त करूनही ब्युरोने लांबवलं तर ब्युरो देतो. निकालानंतर पाच कामकाजी दिवसांत ती रक्कम खात्यात यायला हवी. स्कोअर कसा मोजला यावरच्या वादाला ही भरपाई नाही.

‘बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर हताश होऊ नका. बँकेला लेखी विचारा: कुठल्या नोंदीच्या आधारावर? खात्याचा पूर्ण उतारा मागा. लोन तुमचं नसेल तर सही केलेला अर्ज, केवायसीचे कागद आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते मागा. तिथेच खोटेपणा उघडा पडतो. कोणी तुमच्या पॅनवर लोन उचललं असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्याची प्रत डिस्प्यूटला जोडा.

30 दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार होते, माहितीसाठी 14448 वर फोन करा. फी नाही, वकील लागत नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून ब्युरोही लोकपालाच्या कक्षेत आहेत, तेव्हा दोघांविरुद्ध तक्रार करता येते. पोच आणि पावत्या इथेच उपयोगी पडतात.

दुरुस्ती झाली की महिनाभराने रिपोर्ट पुन्हा काढा. बँका 2025 पासून निदान दर पंधरवड्याला ब्युरोला माहिती पाठवतात, आणि बँकेने आपल्या मूळ सिस्टिममध्ये चूक सुधारली नसेल तर पुढच्या फायलीत तीच खोटी नोंद पुन्हा उगवते. तसं झालं तर जुन्या डिस्प्यूटचा नंबर घालून त्याच दिवशी बँकेला लिहा, आणि उरलेल्या तीन ब्युरोंकडेही तीच नोंद आहे का ते बघा.